गोळ्यातलं कुंकू

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले तेव्हा घरी पेढे वाटले, आणि पेढ्यांचा पुडा संपायच्या आत आत्या माळशिरसचं स्थळ घेऊन हजर झाली. मुलगा शिकलेला, घरचा ऊस, विहिरीला बारमाही पाणी. त्या स्थळात वाईट म्हणावं असं काही नव्हतं आणि माझी पंचाईत तीच होती. मुलगा व्यसनी असता तर मी ताठ मानेनं नाही म्हटलं असतं. उसाला काय नावं ठेवणार?

"मला नोकरी करायचीय," मी म्हटलं.

"कर की," आई म्हणाली. "कायमची मिळाली तर खुशाल कर. टेंपररी नोकरीपायी चांगलं स्थळ घालवायचं नाही. दिवाळीपर्यंत काय ते बघ. नाहीतर तुळशीचं लग्न झालं की पाठोपाठ तुझं."

सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत सोलापुरात मुलीनं नोकरी करायची म्हणजे शाळेत, फार तर बँकेत. मला मिळाली ती विणकरांच्या एका सहकारी रंगाई कारखान्याच्या प्रयोगशाळेत, आणि तीही तात्पुरती. कारखान्यात सूत रंगायचं आणि चादरी-टॉवेल विणणाऱ्यांकडे जायचं. प्रयोगशाळा म्हणजे सुताच्या गोदामाला चिकटलेली एक खोली. तिच्यात एक मोरी, एक तराजू, एक कुरकुरणारा पंखा आणि आम्ही तिघं: साहेब, शिपाई आणि मी. मला पहिल्या दिवसापासून सगळे 'बाई' म्हणायला लागले. घरात मी अजून पोरगी होते आणि कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की बाई. मला ते आवडायचं.

साहेब पन्नाशीच्या अलीकडचे, जाड भिंगांचा चष्मा, खिशाला दोन पेनं. त्यांची विज्ञानावर निस्सीम निष्ठा होती. मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच रस्त्यानं पुढे जात, आणि हे पाहायला कोणीतरी आहे ना याची आधी खात्री करून घेत. शिपाई करमाळ्याकडचे, वयानं साहेबांपेक्षाही मोठे. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांची निष्ठा करमाळ्याच्या कमळाभवानीवर होती. साहेब आणि मामा यांच्यात रोज सकाळी थोडीशी चकमक झाल्याशिवाय आमच्या प्रयोगशाळेतला दिवा पेटत नसे.

मी यायच्या थोडं आधीच कारखान्यानं एक स्पेक्ट्रोफोटोमीटर घेतला होता. नावात 'फोटो' असल्यामुळे कामगार त्याच्यासमोरून जाताना केसांवरून हात फिरवत. तो फोटो काढत नाही, रंग मोजतो, हे मी पुष्कळांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि केस सारखे करणं चालूच ठेवलं.

द्रावणाचा रंग मोजणं सोपं असतं. काचेच्या नळीत रंगाचं पाणी भरायचं, एका बाजूनं उजेड सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते बघायचं. जो पोचला नाही तो पाण्यानं खाल्ला. पण टॉवेलातून उजेड आरपार जात नाही. तो टॉवेलावर आपटतो आणि दाही दिशांना फाकतो. एका दिशेनं डोकावून बघितलं तर हिशेब चुकणार. म्हणून यंत्राला एक गोळा जोडलेला होता. पुस्तकात त्याला इंटिग्रेटिंग स्फिअर म्हणतात, आम्ही गोळाच म्हणत होतो. मोठ्या पपनसाएवढा, आतून पोकळ, आतली भिंत पांढरीशुभ्र. त्याच्या एका भोकातून उजेड आत शिरायचा, दुसऱ्या भोकाला टॉवेलाचा तुकडा लावायचा. टॉवेलावरून फाकलेला उजेड त्या पांढऱ्या भिंतींवर आपटत, परतत, पुन्हा आपटत आतल्या आत फिरत राहायचा आणि शेवटी सगळीकडे सारखा पसरायचा. मग तिसऱ्या भोकातून तो मोजायचा. मला हे फार सुंदर वाटलं होतं. अजूनही वाटतं.

पण गोळा सोलापूर स्टेशनवर उतरला तेव्हा त्याच्या आतल्या पांढऱ्या थराचे पोपडे निघाले होते. साहेब म्हणाले, नवा थर आपणच देऊ. मॅग्नेशियमची फीत जाळायची, तिचा पांढरा धूर गोळ्याच्या आत धरायचा, थर बसतो. पुस्तकात हे दोन ओळींत लिहिलं आहे. ती फीत जळताना एवढा लख्ख उजेड पडतो की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, हेही लिहिलं आहे. सोलापुरातल्या शिपायाला आधी कल्पना द्यावी, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

गोळ्याचे दोन अर्धे भाग स्टँडवर उपडे टांगून साहेबांनी फीत पेटवली. खोली पांढरीफट्ट उजळली, धुराचा लोट उठला, आणि "बाई, पेटलं की वो!" असं ओरडत मामा दारातून आले ते वाळूची बादली घेऊनच. साहेब "अहो, नाही, नाही" म्हणेपर्यंत बादली रिकामी झाली होती. वाळू टेबलावर, वाळू साहेबांच्या कॉलरमध्ये, आणि वरून धुराची पांढरी पूड साहेबांच्या केसांवर, मिशीवर. ते एका क्षणात आजोबा झाले.

"तुमाला काय लागलं न्हाय न्हवं?" मामांनी विचारलं.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "मामा, तुम्ही बाहेर बसा."

दुसऱ्या खेपेला थर बसला. असा पांढरा रंग मी आधी कधी पाहिला नव्हता. बोट लागलं तर पुसला जाईल, फुंकर लागली तर उडेल असा. त्या दिवसापासून साहेबांनी नियम केले. गोळ्याजवळ शिंकायचं नाही. गोळ्याजवळ पंखा लावायचा नाही, म्हणजे सोलापूरच्या उन्हात आम्ही दोघं घामानं निथळत आकडे घ्यायचो. आणि खोलीत शेंगाचटणीचा डबा उघडायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता.

आता चेअरमनांबद्दल. विणकरांच्या संस्थेचे चेअरमन सुताचे व्यापारी होते. हे कसं, असं सोलापुरात कोणी विचारत नसे. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि हिशेब दोन्ही भाषांत पक्का. हे यंत्र कशाला घेतलं, हा प्रश्न त्यांना बघता क्षणी पडला होता. तो त्यांनी गिळून ठेवला होता. भाद्रपदात मुंबईच्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं आकाशी टॉवेलांची ऑर्डर दिली आणि अट घातली की सगळ्या मालाचा आकाशी एकच पाहिजे, आणि तो यंत्रावर मोजलेला पाहिजे. चेअरमन स्वतः प्रयोगशाळेत आले.

"हे बगा बाई," ते म्हणाले, "ह्ये आकाशीचं काम तुमच्या मशीननं करून दावलं तर लॅब ऱ्हाईल, तुमी पण ऱ्हाल. कायम. न्हाई जमलं तर मशीनवर चादर टाकू की आपलीच. सोलापुरी."

स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे ऊस डोलत होता.

काम चांगलं सुरू झालं. रोज सकाळी गोळ्याच्या भोकाला पांढरी वडी लावायची. ही दाबून केलेली एक खास पांढरी पूड असते. प्रत्येक रंगाच्या उजेडात काटा आधी शंभरावर आणून ठेवायचा, मग वडी काढून तिथे टॉवेल लावायचा. पांढऱ्याच्या मानानं टॉवेल किती उजेड परत देतो ते काटा सांगतो. दसरा तोंडावर आला तेव्हा निम्मी ऑर्डर मोजून झाली होती आणि मी आईला सांगून टाकलं होतं की आत्याला जरा दमानं घ्यायला सांग.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला सोलापुरात यंत्र बंद असतं आणि माणसं कामात असतात. अख्खा कारखाना धुऊन निघाला. रंगाच्या टाक्या, बॉयलर, सूत पिळायची यंत्रं, गोदामातला मोठा काटा, मुकादमाची सायकल, ऑफिसातला टेलिफोन, सगळ्यांना हळदीकुंकू लागलं आणि झेंडूच्या माळा चढल्या. मामा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, पूजेचं ताट घेऊन प्रयोगशाळेत आले. तराजूला कुंकू लावलं. पंख्याला लावलं. मोरीच्या नळालाही लावलं. आणि यंत्राकडे वळले तर साहेब हात पसरून आडवे उभे.

"ह्याला नाही."

"साहेब, निस्तं भायरून. येक बोट."

"अर्धंही नाही. मामा, यंत्राला सण नसतो."

"समद्यास्नी हाय आन् ह्या एकट्याला न्हाय? पोरकं हाय का त्ये?"

"कुंकू म्हणजे रंग. रंग मोजायच्या यंत्राला रंग लावायचा? बाई, सांगा यांना."

मी सांगितलं. मोठ्या हिरिरीनं सांगितलं. अंधश्रद्धा, शास्त्रीय दृष्टिकोन, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतलं सगळं शिल्लक होतं ते मामांवर ओतलं. मामांनी ताट उचललं. "बिगडलं तर आमाला इचारू नका," एवढंच म्हणाले आणि फटका बसल्यासारखे निघून गेले. तिकडे बॉयलरसमोर नारळ फुटत होते, आम्हालाही बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येतो." ते आले, प्रसाद घेतला, माझ्याशी सत्यनारायणाच्या शिऱ्यात किती तूप असावं यावर बोलले. मला काही वेगळं वाटलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर सकाळी मी यंत्र सुरू केलं, पांढरी वडी लावली. तांबड्या उजेडात काटा नेहमीसारखा शंभरावर गेला. हिरव्यात आला आणि अडला. सगळी बटणं पिळली तरी शंभर गाठेना. निळ्यात तर त्यानं मान टाकली. आणि माझे टॉवेल आकाशी! निळ्यातच मोजता येत नसेल तर दोन टॉवेलांचा आकाशी एकच आहे की नाही, हे यंत्र सांगणार कसं?

मी दिवा बदलला. तारा तपासल्या. वडी नवी दाबली. साहेबांना हाक मारली तर ते लांबूनच म्हणाले, "हवामानाचा परिणाम असेल." एरवी एक टाचणी हलली तरी धावत येणारा हा माणूस त्या दिवशी खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मामा दारात तंबाखू मळत होते. फार समाधानानं मळत होते.

दोन दिवस झगडून झाले आणि तिसऱ्या सकाळी नेमके चेअरमन आले. मला बोलायचं नव्हतं, पण डोक्यात जे घोळत होतं ते तोंडातून गेलं. "तांबडा उजेड नीट येतोय आणि हिरवा-निळा कोणीतरी खातंय. म्हणजे गोळ्याच्या आत काहीतरी तांबडं आहे."

सगळ्यांच्या नजरा माझ्या डब्याकडे गेल्या. सोलापुरात तांबडं म्हटलं की शेंगाचटणी, यात त्यांचंही काही चुकलं नाही. मी चिडून स्क्रू काढले आणि गोळा उघडला.

उघडताना आतून काहीतरी टेबलावर पडलं आणि घरंगळत चेअरमनांपुढे जाऊन थांबलं. तांदळाचा दाणा होता. अक्षता. आत पाहिलं तर त्या पांढऱ्याशुभ्र तळाला, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट ओढलेलं. शेजारी हळदीचं. अगदी नेटकं, भक्तिभावानं.

"अय्योऽ," चेअरमन म्हणाले.

मामांनी दोन्ही कानांना हात लावले. "आईची आन, मी न्हाय. पंख्याला लावलं, तराजूला लावलं. ह्याला हात लावला न्हाय. साहेबच आडवे उबे हुते की!"

"मग लॅबमदी कुंकू लावणारं दुसरं कोण हाय?" चेअरमनांनी विचारलं, आणि उत्तर माझ्या कपाळावरच होतं. मी तेव्हा बाटलीतलं ओलं गंध लावायची. तिथल्या एकाही पुरुषाला गंध आणि कुंकू यातला फरक ठाऊक नव्हता.

"मी लावलेलं नाही," मी म्हटलं. "साहेब, तुम्ही सांगा ना. मी त्या दिवशी काय बोलत होते?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. मला त्यांचा असा राग आला की तो अक्षतेचा दाणा उचलून त्यांच्याकडे फेकावा असं वाटलं.

"इरली, इरली," चेअरमन म्हणाले. असू दे, असू दे. "पुढल्या आठवड्यात मीटिंग हाय. बाईंच्या कायमचा विषय तितंच घेऊ. तवर मशीन चालू करा. आन् ह्ये कुणाचं काम त्ये बी सांगा. ज्याचं आसंल त्याला घरी पाठवू."

मला घरी पाठवायला घरचे टपलेलेच होते, हे त्यांना कुठं माहीत होतं.

एवढ्याशा कुंकवानं एवढा गोंधळ कसा घातला, हे मला नंतर कितीतरी जणांना समजवावं लागलं. उजेड गोळ्यात एकदाच फिरत नाही, फेऱ्या घालत राहतो. दर फेरीला थोडाथोडा उजेड त्या डागावर जातो, तिथं त्याच्यातला हिरवा-निळा भाग खाल्ला जातो आणि उरलेला पुन्हा फिरायला निघतो. एका ग्रामपंचायतीत एकच खाणारा असावा आणि प्रत्येक कागद त्याच्याच टेबलावरून जावा, तसं. हे उदाहरण दिलं की चेअरमनांनाही पटायचं.

मी आतलं कुंकू अलगद खरवडून गाळणकागदाच्या एका तुकड्यावर दाबून ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. राग आला की माझ्या हातून आवराआवर होते. मग गोळा धुतला, वाळवला आणि पुन्हा मॅग्नेशियम जाळलं. या वेळी एकटीनं, कारण साहेबांची दुसऱ्या दिवसापासून रजा होती. तब्येत बरी नाही असा निरोप होता. मामा वाळूची बादली घेऊन दाराकडे तोंड करून बसले आणि मी "झालं" म्हणेपर्यंत वळले नाहीत. थर पहिल्यापेक्षा चांगला बसला. काटा निळ्यातही शंभरावर गेला तेव्हा मी रडलेच. मामांना वाटलं धुरानं.

आकाशी टॉवेल मोजून झाले आणि मग मला सुचलं. कुंकू म्हणजे रंग, हे साहेबांनीच सांगितलं होतं. मग मोजू की. मामांच्या पुडीतलं कुंकू मागितलं. त्यांनी चार वेळा शपथ घेऊन दिलं. ते बाजारचं, गुलाबीकडे झुकणारं. त्याच्या आलेखाची रेघ निळ्या टोकाला पुन्हा वर उचलली गेली. माझं गंध कागदावर लावून मोजलं, त्याची रेघ तिसरीच. गोळ्यातल्या कुंकवाची रेघ निळ्यात, हिरव्यात अगदी तळाशी पडून आणि मग तांबड्यात एकदम चढलेली. दोन्हींशी तिचं नातं नव्हतं. मामा सुटले, मी सुटले. पण मग अडकलं कोण?

टॉवेलांच्या आकड्यांवर साहेबांची सही लागणार होती, म्हणून मीटिंगच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या घरी गेले. साहेब आश्विनातल्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळून पडले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी सही केली. त्यांच्या बायकोनं मला लाडू दिला आणि स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "खंडेनवमीपासून यांचं असंच आहे. अन्न जात नाही. रात्री उठून बसतात. तुम्हाला काही बोलले का?"

मी निघाले तेव्हा त्यांनी उंबऱ्यात थांबवलं. "थांबा, कुंकू लावते. मुलगी तशी जाऊ नये." देवघरातून पितळी करंडा आणून त्यांनी माझ्या कपाळी चांगलं मोठं बोट टेकवलं. "माझ्या माहेरचं आहे, पंढरपूरचं. हळदीचं खरं कुंकू. ते बाजारचं भडक मी दारात आणत नाही."

मी नमस्कार केला, रस्त्यावर आले, आणि पानवाल्याच्या आरशात माझं कपाळ दिसलं. गडद, मातकट तांबडं. हा रंग मी पाहिला होता. गाळणकागदावर.

तिथून कारखान्यापर्यंत मी जशी गेले तशी आयुष्यात कधी चालले नाही. टांगा केला नाही, धूळ उडाली असती. घाम कुंकवात उतरू नये म्हणून सावलीसावलीनं, मान न हलवता. वाटेत आईची मैत्रीण भेटली. माझं कपाळ आणि संथ चाल बघून तिनं विचारलं, "ठरलं वाटतं माळशिरसचं?" मी मान हलवून नाही म्हणू शकत नव्हते, त्यामुळे ती बातमी माझ्या आधी घरी पोचली.

प्रयोगशाळेत येऊन मी कपाळावर गाळणकागद दाबला आणि तो गोळ्याला लावला.

"काय वो बाई," मामा म्हणाले, "आता कपाळ मोजताय व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. रेघ तळाशी पडून राहिली, मग तांबड्यात एकदम चढली. जुन्या रेघेवर नवी रेघ ठेवली तर एकच दिसत होती.

माझा राग कुठे जाईना. साहेबांनी कुंकू लावलं याचा नव्हता. चेअरमनांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं तेव्हा साहेब गप्प बसले, त्याचा होता. आणि तरी, मफलर गुंडाळून पडलेला तो माणूस आठवला की त्यांच्या घरच्या कुंकवाचा हा चौथा कागद मीटिंगच्या टेबलावर टाकायला हातही होईना. शिवाय, त्यांना घरी पाठवलं तर मला हे सगळं शिकवणार कोण?

मीटिंगला साहेब आले, मफलरासकट. गोदामाशेजारच्या खोलीत संचालक मंडळी चहा पीत होती. टॉवेलांचे आकडे पाहून चेअरमन खूश झाले. मुंबईला माल जाणार होता. "आता दुसरं," ते म्हणाले. "बाई, कुंकू कुणाचं?"

मी तीन कागद मांडले. हे मामांच्या पुडीचं, हे माझं गंध, हे गोळ्यातलं. "कुठलंच जुळत नाही," मी म्हटलं.

"मग मशीनला काय कळलं?"

चौथा कागद माझ्या हातात घडी करून होता. साहेबांनी तो पाहिला. ते उठले.

"बाई, हातातला कागद दाखवा."

"राहू दे, साहेब."

"मोजलंय ना तुम्ही? मोजलेलं लपवायचं नसतं."

त्यांनी स्वतः कागद घेतला, गोळ्यातल्या कुंकवाच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. खोटं बोलायला तेव्हाही वाव होता. रेघ थोडी इकडेतिकडे आहे, असं म्हटलं असतं तर त्या खोलीत कोणाला काय कळणार होतं? पण मांजरासमोरून चालत जाणारा तो माणूस आलेखापुढे खोटं बोलू शकला नाही.

"तंतोतंत आहे," ते म्हणाले. "हे माझ्या घरचं कुंकू. बाईंचा संबंध नाही, मामांचा नाही. मी लावलं. सगळ्या यंत्रांना लावलं होतं, हे एकटंच तसं राहिलं. घरून खिशात पुडी आणली होती मी. बाहेर लावलं असतं तर मामांना दिसलं असतं, म्हणून गोळा उघडून आत लावलं. एवढ्याशा बोटानं काय होतंय, असं वाटलं." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, म्हणाले, "आणि त्या दिवशी मी बोललो नाही. ते जास्त वाईट केलं. माफ करा."

मग दारातून मामांचा आवाज आला, "मी म्हनलंच हुतं, पोरकं ठेवू नका."

चेअरमन हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. "इरली हो, साहेब, इरली! देवाचं केलं, कुणाला घरी पाठवू? आता बाईंचं सांगा. कायम करायचं?"

"कायम करा," साहेब म्हणाले. "आणि प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याकडे द्या. माझ्याकडे नको. पुढच्या वर्षीही खंडेनवमी येणार. माझा मला भरवसा नाही."

किल्ली मिळाली. माळशिरसच्या मुलाचं पुढे चांगल्या घरी लग्न झालं आणि आत्याच्या ओळखीनं त्यांच्याकडचा गूळ आम्हाला दरवर्षी येत राहिला. गूळ उत्तम असतो.

पुढच्या खंडेनवमीला कारखान्यात नारळ फुटत असताना प्रयोगशाळेच्या दारावर टकटक झाली. साहेब होते. चपला बाहेर काढलेल्या, हातात पितळी करंडा.

"बाई, येऊ का?"

"बाहेरून हं, साहेब."

"बाहेरूनच," ते म्हणाले. त्यांनी यंत्राच्या मागच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, लहानसं बोट टेकवलं. मग अवघडून उभे राहिले. मी पांढरी वडी लावली आणि काटा निळ्यात नेला. शंभर. साहेबांनी श्वास सोडला आणि घाईघाईनं नारळाकडे गेले.

मी दार लावून घेतलं. मला या खोलीत ठेवणारं, माझ्या कपाळावरचं खरंखोटं ठरवणारं ते यंत्र माझ्यासमोर मुकाट उभं होतं. कोणी बघत नाही ना, याची खात्री करून घेतली आणि त्याला हात जोडले.